नेव्हिरॅपिनची बाटली : तान्ह्या बाळांच्या एचआयव्ही उपचारांची पार्श्वभूमी

दीड महिन्याच्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी सांगते, "याचं औषध पहिल्या दिवसापासून चालू आहे, एक दिवस खाडा नाही." पिशवीतून ती नेव्हिरॅपिनची बाटली आणि बिनसुईची सिरिंज काढून दाखवते. जन्मवजन अडीच किलोच्या वर, म्हणून रोज एकदा दीड मिलि. आजीने खरोखरच खाडा केलेला नसतो. पण तिच्या मनात ते उपचाराचं औषध असतं, आणि आरोग्यसेवेच्या हिशेबात ते प्रतिबंधाचं. आईला एचआयव्ही असतो, पण बाळाला आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नसतं.

समुपदेशनाच्या टेबलावर हा गोंधळ मी अनेक वेळा पाहिला आहे. त्यात आजीची चूक शून्य. बाळाला लागण झालेली असेल तर हे एकटं सिरप विषाणूला आवरू शकत नाही. उलट विषाणू त्या औषधाला सरावतो. तरीही घरात मात्र 'औषध चालू आहे' म्हणून सगळे निश्चिंत असतात. एकाच औषधाने ही दोन कामं अंगावर घेतली, त्याला इतिहास आहे.

आईकडून बाळाला होणारी लागण औषधाने रोखता येते, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. गरोदरपणात, बाळंतपणात आणि नंतर बाळाला सहा आठवडे झिडोवूडिन हे एचआयव्हीविरोधी औषध दिल्यावर लागण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली. पण तो सगळा खटाटोप श्रीमंत देशांना परवडणारा होता. १९९९ मध्ये युगांडातून फार सोपा मार्ग पुढे आला : कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरॅपिनची २०० मिग्रॅची एक गोळी, आणि बाळाला ७२ तासांच्या आत वजनाप्रमाणे काही थेंब. बस. झिडोवूडिनच्या छोट्या कोर्सच्या तुलनेत लागण जवळपास निम्म्यावर आली.

भारतात २००२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. त्या वेळी हा निर्णय योग्य होता, असं मी ठामपणे म्हणेन. कितीतरी बायका कळा सुरू झाल्यावरच पहिल्यांदा सरकारी दवाखान्याची पायरी चढत होत्या. मोठ्यांना मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा नियमित औषधोपचार, मिळायला एप्रिल २००४ उजाडावं लागलं. रात्री दोन वाजता दाखल झालेल्या बाईची तिथल्या तिथे तपासणी करून हातावर एक गोळी ठेवता येत होती, आणि तेवढ्यानेही बाळं वाचत होती.

अडचण औषधाच्या स्वभावात होती. नेव्हिरॅपिन शरीरातून हळूहळू जातं. एकाच डोसनंतरही दोन-तीन आठवडे ते रक्तात कमी कमी होत रेंगाळतं. विषाणूला पूर्ण दाबण्याइतकं नाही, पण ज्या विषाणूंवर त्याचा परिणाम होत नाही त्यांना मोकळं रान देण्याइतकं. आईत हे घडतं, आणि थेंब मिळूनही ज्या बाळांना लागण झाली त्यांच्यातही घडतं. आता यापुढचं पाऊल पाहा. नोव्हेंबर २००६ मध्ये देशात मुलांसाठी स्वतंत्र उपचार कार्यक्रम सुरू झाला. तोवर मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलांना दिल्या जात. आता मुलांच्या मापाच्या एकत्रित गोळ्या आल्या, हा फार मोठा दिलासा होता. पण त्या गोळ्यांतलं तिसरं औषध होतं नेव्हिरॅपिन. म्हणजे ज्या औषधाने बाळाला वाचवता आलं नाही, त्याच औषधावर त्याचा उपचार उभा केला गेला.

आफ्रिकेतल्या चाचणीचे आकडे २०१० मध्ये आले तेव्हा ही नुसती शंका उरली नाही. जन्मतः नेव्हिरॅपिन मिळालेल्या मुलांना उपचारात पुन्हा तेच दिलं, तर २४ आठवड्यांत सुमारे ४० टक्के मुलांत उपचार फसला. लोपिनाविर-रिटोनाविर ही दुसरी औषधजोडी घेणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. अंगावरच्या दुधाचा प्रश्न आणखी वेगळा : एका डोसचं संरक्षण काही आठवड्यांत विरतं, आणि दूध तर महिनोन्‌महिने चालू असतं. बाळाला सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन देण्याचा अभ्यास युगांडा आणि इथिओपियाबरोबर आपल्या पुण्यातही झाला होता, आणि २००८ मध्ये तो प्रसिद्धही झाला. सहाव्या आठवड्याला लागण एकट्या डोसच्या ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के दिसली. आजीच्या पिशवीतली बाटली या वाटेने आली आहे.

जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१० पर्यंत एकट्या डोसकडे पाठ फिरवली होती. आपल्याकडे २०१२ मध्ये दक्षिणेतल्या तीन राज्यांत बदल सुरू झाला, आणि देशभर लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून : गरोदर बाईला तीन औषधं, तीही आयुष्यभर. २००२ चा निर्णय मी समजू शकते. मधली ती तीन-चार वर्षं मात्र मला आजही पटत नाहीत. पुरावा हातात होता, औषधं याच देशात तयार होऊन आफ्रिकेत जात होती, आणि आपल्या प्रसूतिगृहांत तीच एक गोळी चालू होती.

उपचार कधी सुरू करायचा, हा वाद तुलनेने लवकर मिटला. उपचार न मिळालेल्या बाळांपैकी निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. तरीही सीडी४ पेशी (विषाणू ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारपेशी) चांगल्या असतील तर थांबावं, असा प्रघात होता. दक्षिण आफ्रिकेत बारा आठवड्यांच्या आतल्या, वरकरणी ठणठणीत बाळांचे दोन गट केले गेले. थांबलेल्या गटात १६ टक्के बाळं गेली, लगेच औषध मिळालेल्यांत ४ टक्के. २००७ मध्येच वाट पाहण्याचा भाग बंद करावा लागला, आणि २००८ पासून वर्षाच्या आतल्या प्रत्येक लागण झालेल्या बाळाला तात्काळ उपचार, असा नियम झाला.

नियम झाला, पण लागण ओळखायची कशी? आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे प्रतिपिंडं शोधणारी नेहमीची तपासणी तोवर निरुपयोगी. आपल्याकडे २०१० पासून सुकवलेल्या रक्ताच्या थेंबांवर पीसीआर, म्हणजे थेट विषाणूचा अंश शोधणारी तपासणी, सुरू झाली. सहा आठवड्यांच्या बाळाची टाच कोमट करायची, बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचे थेंब कार्डावरच्या पाच वर्तुळांत भरायचे. वर्तुळ एकाच थेंबात भरलं पाहिजे. बाळ पाय झाडतं, आई तोंड फिरवते. मग कार्ड किमान चार तास आडवं ठेवून वाळवायचं आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. निकाल येईपर्यंत आठवडे जात. उपचार न मिळालेल्या बाळांचे मृत्यू सर्वाधिक होतात ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे नेमके याच काळात.

मग औषध. लोपिनाविरचं सिरप परिणामकारक, पण कडू जहर, सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असलेलं, आणि फ्रिजमध्ये ठेवण्याचं. ज्या घरात फ्रिज नाही तिथे ते शेजाऱ्यांकडे ठेवायचं, तर बाटली कसली हे सांगावं लागतं. २०१७ मध्ये ऑर्डर आणि थकलेल्या बिलांच्या घोळात हेच सिरप देशात मिळेनासं झालं, आणि शेकडो मुलांच्या वतीने थेट पंतप्रधानांना पत्र गेलं.

डोलुटेग्राविर या नव्या औषधाची पाण्यात विरघळणारी १० मिग्रॅची गोळी २०२० मध्ये आली. स्ट्रॉबेरीच्या चवीची, फ्रिज न लागणारी, गरीब देशांसाठी तेव्हा वर्षाला ३६ डॉलरच्या आत मिळणारी. चमच्यात विरघळवली की बाळ तोंड वाकडं न करता घेतं. मान्यता मिळाली ती चार आठवडे पूर्ण झालेल्या आणि किमान तीन किलो वजनाच्या बाळांसाठी. त्याआधीच्या चार आठवड्यांत आजीच्या पिशवीत नेव्हिरॅपिनचीच बाटली होती.