ख्रिस्ती कलेतील निसर्गप्रतीके

ख्रिस्ती श्रद्धेतील तत्त्वे व कथा सूचित करण्यासाठी चित्र, शिल्प, कुट्टिमचित्र (मोझेइक) आणि हस्तलिखितांची सजावट यांत योजलेली प्राणी, पक्षी, वनस्पती, जल, प्रकाश इत्यादींची रूपे. कबुतर (पवित्र आत्मा), कोकरू (ख्रिस्त), द्राक्षवेल व गव्हाची कणसे (प्रभुभोजन) आणि लिली (मरियेचे कौमार्य) ही त्यांपैकी सर्वपरिचित होत.

या प्रतीकांचा जुना साठा रोममधील कॅटाकोम या भूमिगत दफनस्थानांत आढळतो. तेथील आरंभीची भित्तिचित्रे पूर्वी दुसऱ्या शतकातील मानली जात. अलीकडे त्यांतील बरीच तिसऱ्या शतकाच्या आसपास नेण्याकडे कल आहे. यांतील बहुतेक रूपे ख्रिस्ती कलावंतांनी नव्याने घडविलेली नाहीत. वेली, मोर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ हे सारे रोमन सजावटीत आधीपासूनच होते. रोममधील सांता कोस्तान्झा या वास्तूच्या छतावरील द्राक्षतोडणीची चौथ्या शतकातील कुट्टिमचित्रे इतकी जुन्या वळणाची आहेत, की ती वास्तू पुढे बॅकस या मद्यदेवतेचे मंदिर समजली गेली. अशा ठिकाणी वेल म्हणजे येशूने स्वतःला म्हटलेला ‘खरा द्राक्षवेल’ (योहान १५) की निव्वळ सजावट, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

माशाच्या प्रतीकाचा उगम विशेष वादग्रस्त आहे. ‘इख्थिस’ (मासा) या ग्रीक शब्दाची पाच अक्षरे ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे होत. प्रतीक या अक्षरजुळणीतून निघाले, की आधी रूढ झालेल्या प्रतीकाला ती मागाहून जोडली गेली, याविषयी मतभेद आहेत. सु. २०० मध्ये अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट मुद्रेच्या अंगठीसाठी कबुतर, मासा, जहाज, वीणेसारखे वाद्य व जहाजाचा नांगर ही चिन्हे सुचवितो. मात्र तेथे अक्षरजुळणीचा उल्लेख करीत नाही. त्याच सुमारास टर्टुलियन हा लॅटिन ख्रिस्ती लेखक बाप्तिस्म्याविषयी लिहिताना ख्रिस्ताला मासा आणि श्रद्धावंतांना पाण्यात जन्मणारे छोटे मासे म्हणतो. फ्रिजियातील (आशिया मायनर) ॲबर्कियस या बिशपच्या समाधिलेखात (२१६ पूर्वीचा) झऱ्यातील शुद्ध मासा भाकरी व द्राक्षारसासह अन्न म्हणून येतो. सिरियातील ॲटार्गॅटिस देवीच्या पवित्र माशांशीही काहींनी संबंध जोडला आहे. बाप्तिस्म्याचे पाणी, पाच भाकरी व दोन मासे यांची कथा आणि अक्षरजुळणी हे धागे हळूहळू एकत्र आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. छळाच्या काळात मासा ही परस्परांना ओळखण्याची गुप्त खूण होती, या लोकप्रिय समजुतीला समकालीन पुराव्याचा आधार क्षीण आहे.

इटलीतील राव्हेन्ना येथे पाणी पिणारी हरणे (स्तोत्र ४२) व हिरव्या कुरणातील मेंढरे यांना भव्य रूप मिळाले. ५४९ मध्ये पवित्रीकरण झालेल्या, राव्हेन्नाजवळच्या क्लासे येथील संत अपोलिनारे चर्चमधील अर्धघुमट हे त्याचे ठळक उदाहरण. पूर्वेकडे (बायझंटिन साम्राज्यात) मात्र ६९२ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्त कोकराच्या नव्हे, तर मानवी रूपात दाखवावा, असे ठरविले. पश्चिमेत कोकरू टिकले. गेंट (बेल्जियम) येथील व्हॅन आयक बंधूंच्या वेदीचित्रात (१४३२) ते मध्यभागी आहे.

प्राण्यांच्या अर्थांचा मोठा स्रोत ‘फिजिओलोगस’ हा ग्रीक ग्रंथ. त्याचा काळ दुसरे ते चौथे शतक असा निरनिराळा सांगतात. स्वतःच्या रक्ताने मृत पिलांना तीन दिवसांनी जिवंत करणारा पेलिकन ही ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण यातूनच रुळली. मोर अमरत्वाचा ठरला, कारण त्याचे मांस कुजत नाही अशी समजूत होती; संत ऑगस्टीननेही ती नोंदविली आहे.

पंधराव्या शतकातील फ्लेमिश (फ्लँडर्स प्रदेशातील) चित्रांत फुले, फळे व घरगुती वस्तू इतक्या वास्तव आहेत की त्यांतील प्रतीके झाकली जातात. कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्कीने यास ‘प्रच्छन्न प्रतीकवाद’ म्हटले. ही दृष्टी उपयुक्त असली, तरी प्रत्येक फुलाला धर्मार्थ चिकटविण्याचा तिचा अतिरेक नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिला. इटालियन चित्रकार राफाएलच्या चित्रातील (सु. १५०६) बाल येशूजवळचा गोल्डफिंच पक्षी मात्र ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा सूचक असल्याचे सामान्यतः मान्य आहे.

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिखने १८०८ मध्ये निसर्गचित्रालाच वेदीचित्राचे स्थान दिले. डोंगरमाथ्यावरील क्रूसाच्या या चित्रातील खडक म्हणजे श्रद्धा व सदाहरित वृक्ष म्हणजे आशा, असे त्याने स्वतः सांगितले. समीक्षक रामडोर याने १८०९ मध्ये यावर कडक आक्षेप घेतला; त्याच्या मते निसर्गचित्राने वेदीवर चढणे अनुचित होते.