तीन खडू की पेस्टल? आधी गाल बघा

अठराव्या शतकातल्या फ्रेंच बायकांची चित्रं चाळताना एक घोळ हमखास होतो. पावडर लावलेले केस, जराशी वळलेली मान, गुलाबी गाल. खाली एका ठिकाणी लिहिलेलं असतं ‘तीन खडू’ (म्हणजे लाल, काळा आणि पांढरा), दुसऱ्या ठिकाणी ‘पेस्टल’ (रंगाच्या भुकटीच्या कांड्या). दोन्ही कागदावर, दोन्ही कोरड्या कांड्यांनी काढलेली. मोबाइलवर तर फरक कळतच नाही.

फोटो मोठा करा आणि गालावर या. तीन खडूंच्या चित्रात गालाचा बराचसा भाग कोराच असतो. बदामी कागद तसाच सोडलेला, त्यावर लाल रेघांची विरळ जाळी, नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एक ठिपका. कातडीचा रंग म्हणून आपण जो बघतो, तो खरं तर कागदाचा! फ्रेंच चित्रकार वातो (१६८४–१७२१) यात पक्का मुरलेला. एकाच कागदावर तो बाईचं डोकं चार बाजूंनी काढायचा: एकदा समोरून, एकदा मानेमागून, जिथे अंबाड्याखालच्या बटा दिसतात. ही बहुधा कुणी मागवलेली व्यक्तिचित्रं नव्हेत. वह्यांमधली ही डोकी तो पुढे आपल्या तैलचित्रांत हवी तशी वापरायचा.

त्याचे खडूही निसर्गातलेच. लाल म्हणजे लोहयुक्त माती, आपल्या गेरूची सख्खी बहीण. काळा म्हणजे पाटीच्या जातीचा मऊ दगड. तिसरा पांढरा. खाणीतून काढायचे, कापून कांड्या करायच्या.

पेस्टलची कांडी मात्र बनवावी लागते. रंगाची भुकटी, पांढरी पूड आणि नावापुरता डिंक एकत्र मळून, वळून वाळवायचं. डिंक इतका कमी, की रंग रांगोळीसारखा कागदावर नुसता बसतो, म्हणून वर काच हवीच. पण छटा हव्या तितक्या. त्या बोटाने एकमेकींत मिसळल्या की कागद पार झाकला जातो आणि गालाला मखमलीची झाक येते. पॅरिसला याचं वेड लावलं ते व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएराने. १७२० साली ती तिथे आली आणि त्याच वर्षी राजेशाही कला अकादमीत तिला प्रवेश मिळाला. गंमत म्हणजे वातोशीही तिची गाठ पडली. १७२१ मध्ये तिने त्याचंच पेस्टल केलं.

फ्रेंच चित्रकार मोरिस कॉंतँ द ला तूरने पुढे हे सगळं तैलचित्राच्या थाटाला नेलं. १७५५ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अकादमीच्या प्रदर्शनात, मांडलेलं त्याचं मादाम द पोंपादूरचं (राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसीचं) पेस्टल सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे. मागे टेबलावर विश्वकोशाचा खंड, हातात संगीताची पानं, अंगावर नक्षीदार रेशीम. चेहरा मात्र वेगळ्या कागदावर काढून मोठ्या चित्रात बसवलेला. याला ड्रॉइंग म्हणायला जीभ अडखळते. माझ्या मते हे रंगकामच, फक्त कोरडं.

खरी फसगत होते ती ला तूरच्या कच्च्या अभ्यासचित्रांत. त्याच्या जन्मगावी, सँ-काँतँच्या संग्रहालयात, ऑपेरा गायिका मारी फेलचा चेहरा असा आहे. रेघा उघड्या, त्यामुळे पहिल्या नजरेला तीन खडूच वाटावेत. अशा चेहऱ्यांत सावलीच्या बाजूला निळसर-हिरवे फटकारे शोधायचे. लाल, काळ्या आणि पांढऱ्यातून ते निघत नाहीत.