स्पॉकचे हिरवे रक्त आणि मिनिटाला २४२ ठोके

नाडी मिनिटाला २४२, रक्तदाब जवळजवळ शून्य, रक्ताचा रंग हिरवा. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका १९६६ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी एका भागात अंतराळयानाचे डॉक्टर मॅकॉय यांनी स्पॉकला तपासून ही नोंद केली. लिओनार्ड निमॉयने रंगवलेला स्पॉक अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन ग्रहावरचा. आपल्यासाठी हे आकडे नेहमीचेच आहेत, एवढेच तो शांतपणे सांगतो. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे आहे हेही मालिकेत येते. तेव्हापासून या शरीराचा मेळ बसवण्याचा छंद चाहत्यांना जडला आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. कारण रक्तातला एक धातू बदलला की हृदयापासून जिभेपर्यंत सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

तांब्याचे रक्त ही काही कविकल्पना नाही. ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी, खेकडे यांच्या रक्तात हिमोसायनिन नावाचे प्रथिन असते. त्यात तांब्याचे दोन अणू मिळून ऑक्सिजनचा एक रेणू धरतात. ऑक्सिजन धरला की ते निळे दिसते, सोडला की रंगहीन होते. कुर्ल्या साफ करताना लाल रक्त दिसत नाही ते यामुळेच.

मग स्पॉकचे रक्त निळे का नाही? एक उत्तर पटण्यासारखे आहे. आपल्या रक्तातला पातळ द्रव मुळात पिवळसर असतो. व्हल्कन रक्तातला तो द्रव अधिक गडद पिवळा असेल, तर त्यात निळे हिमोसायनिन मिसळून हिरवा रंग येईल. पण हे मान्य केले तर पुढचेही मान्य करावे लागते. शिरांमधून हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन कमी, म्हणजे ते पिवळेच असणार. दंडाच्या शिरेतून काढलेले स्पॉकचे रक्त आधी पिवळसर दिसेल आणि हवा लागल्यावर हिरवे होत जाईल.

हिरव्या रक्ताला तांबेच हवे असेही नाही. न्यू गिनी बेटावर सापसुरळीच्या कुळातल्या काही जातींचे रक्त गर्द हिरवे असते. त्यांच्यात हिमोग्लोबिन आपल्यासारखेच लोहाचे. मात्र ते मोडल्यावर तयार होणारे बिलिव्हर्डिन हे हिरवे द्रव्य रक्तात इतके साठते की लाल रंग झाकून जातो. त्यांचे स्नायू, हाडे, जीभसुद्धा हिरवी असते. माणसातही एक उदाहरण आहे. २००५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रुग्णाच्या धमनीतून काळपट हिरवे रक्त आले. अर्धशिशीवरच्या औषधातल्या गंधकाने त्याच्या हिमोग्लोबिनचे रूप बदलले असावे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. औषध थांबल्यावर रंग पूर्ववत झाला.

रंगाचा प्रश्न असा सुटतो. खरे घोडे पेंड खाते ते ऑक्सिजनच्या वाहतुकीपाशी. माणसाचे शंभर मिलिलिटर रक्त साधारण वीस मिलिलिटर ऑक्सिजन वाहते, ऑक्टोपसचे जेमतेम चार. विश्रांतीत आपले हृदय एका ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त ढकलते. स्पॉकचे हृदय तेवढेच धरू. मिनिटाला २४२ ठोके, म्हणजे सतरा लिटर रक्त आणि त्यातून सुमारे ६८० मिलिलिटर ऑक्सिजन. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला अडीचशे मिलिलिटर पुरतो. म्हणजे नाडीचा तो चमत्कारिक आकडा तांब्याच्या रक्ताशी चक्क जुळतो!

पण व्हल्कन माणसापेक्षा कितीतरी बळकट असतात. जोरात धावणाऱ्या तरुण माणसाला मिनिटाला अडीच-तीन लिटर ऑक्सिजन लागतो. तो स्पॉक कुठून आणणार? बसल्या जागी २४२ ठोके म्हणजे एका ठोक्याला पाव सेकंद. त्यातच हृदयाने भरायचे आणि रिकामेही व्हायचे. वेग आणखी वाढवायला फारशी जागाच नाही.

रक्तात हिमोसायनिन वाढवावे म्हटले तर दुसरी अडचण उभी राहते. हे प्रथिन पेशींत नसते, थेट रक्तद्रवात विरघळलेले असते. प्रमाण वाढले की रक्त एकतारी पाकासारखे दाट होणार आणि ते ढकलायला दाब जास्त लागणार. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, त्यातली दोन केवळ कल्ल्यांतून रक्त ढकलण्यासाठी. दाट रक्त आणि शून्य रक्तदाब या दोन गोष्टी एका शरीरात नांदू शकत नाहीत. मॅकॉयच्या नोंदीतला रक्तदाबाचा आकडा मला म्हणूनच सर्वांत अवघड वाटतो.

इथे १९६७ सालच्या एका भागातला तपशील उपयोगी पडतो. स्पॉकचे वडील सारेक यांच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया होते, रक्त कमी पडते, आणि बापलेकांचा दुर्मीळ ‘टी-निगेटिव्ह’ गट जुळतो. आपले ए, बी, ओ हे रक्तगट लाल पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून ठरतात. व्हल्कनांचे गटही तसेच ठरत असतील, तर त्यांच्या रक्तात पेशी आहेत आणि तांब्याचे प्रथिन त्या पेशींत भरलेले असू शकते. पृथ्वीवर असा एकही प्राणी माहीत नाही, पण भौतिकशास्त्राची त्याला आडकाठी नाही. तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावेल, रक्तही फार दाट होणार नाही. स्पॉकच्या ताकदीचा उलगडा मला यात दिसतो.

व्हल्कनची हवा विरळ आहे, म्हणून तांबे सोयीचे, असाही तर्क केला जातो. तो मला कच्चा वाटतो. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला येणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडतात तेव्हा तिथली हवाही विरळच असते. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये थोडा बदल होऊन ऑक्सिजन धरण्याची ओढ वाढली, धातू मात्र लोहच राहिला.

सर्वांत रंजक कोडे यकृताचे आहे. १९६८ सालच्या एका भागात स्पॉकला गोळी लागते आणि हृदय माणसाच्या यकृताच्या जागी असल्यामुळे तो वाचतो. पण शरीरातले जादा तांबे बाहेर काढण्याचे काम यकृतच पित्तावाटे करते. जन्मजात दोषामुळे हे काम बिघडले की माणसाला विल्सनचा आजार होतो. तांबे यकृतात आणि मेंदूत साठते, बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसू लागते. आपल्या शरीरात तांबे जेमतेम शंभर मिलिग्रॅम, तर लोह चार ग्रॅमच्या आसपास. व्हल्कनाच्या शरीरात ग्रॅमने तांबे खेळणार, म्हणजे त्याचे यकृत आपल्याहून मोठे हवे, आणि नेमकी त्याचीच जागा हृदयाने घेतलेली! छातीत डावीकडे जागा रिकामी झाली खरी, पण आतड्यांकडून यकृताकडे येणारी मोठी शीर तिथवर न्यायची तर श्वासपटल भेदावे लागेल. त्यापेक्षा यकृत पोटात डाव्या बरगड्यांखाली, जठराला खाली रेटून बसले असावे. मॅकॉयने स्पॉकचे पोट चाचपले तर जड, टणक काठ त्याला डाव्या बाजूला लागायला हवा.