शिंगल छप्पर (शीत प्रदेश)

फायबरग्लासच्या पातळ थरावर डांबर चढवून वरून खनिजांचे रंगीत कण दाबलेल्या पट्ट्यांना शिंगल म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या थंड भागातील उपनगरांत बहुतेक घरे याच पट्ट्यांनी शाकारलेली असतात. ही नोंद मुख्यतः अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनीअ‍ॅपोलिस व सेंट पॉल यांच्या भोवतीच्या उपनगरांतील घरांविषयी आहे. ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह यांसारख्या या गावांत मराठी कुटुंबेही राहतात. मिनीअ‍ॅपोलिस ज्या हेनेपिन काउंटीत आहे, तेथे बांधकाम-नियमांनुसार जमिनीवरील बर्फाचा भार दर चौरस फुटाला ५० पौंड धरतात.

शिंगल पाणी अडवत नाही, फक्त खाली उतरवून देते. मंगळुरी कौलांप्रमाणे वरची ओळ खालच्या ओळीवर चढलेली असते आणि सांधे उघडेच राहतात. त्यामुळे धो धो पावसात न गळणारे छप्पर पाणी साचून मागे सरकले की गळते. थंड प्रदेशात ही वेळ पावसाळ्यात नव्हे, जानेवारी-फेब्रुवारीत येते.

आइस डॅम. घरातील ऊब माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये चढली की छपराची फळी तापते आणि बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येते. वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिच्याखाली ऊब नसते. तेथे पाणी पुन्हा गोठते, बर्फाचा कठडा, म्हणजेच आइस डॅम, तयार होतो आणि मागून आलेले पाणी त्याच्याआड तुंबून शिंगलच्या ओळींखाली शिरते. बाहेरच्या भिंतीलगत छतावर उमटणारे पिवळट डाग बहुधा याचेच असतात. पन्हळीला लटकणारे मोठे हिमसुळे ही आधीची सूचना. शेजारच्या छपरांवर बर्फ जाड असताना आपल्या छपरावर मधूनच काळे पट्टे दिसू लागले, तर त्या पट्ट्यांखाली ऊब गळते आहे असे समजावे.

म्हणूनच नवे शिंगल लावून आइस डॅम थांबत नाही. हजारो डॉलर खर्चून छप्पर बदलले आणि पहिल्याच हिवाळ्यात पाणी आत आले, असे घडते ते अ‍ॅटिककडे कोणी पाहिलेले नसते म्हणून. दुरुस्तीचा क्रम असा : आधी हवेच्या फटी, मग इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर), मग वायुवीजन आणि शेवटी शिंगल.

फटी कुठे असतात ते ठरलेले आहे : अ‍ॅटिकचे झाकण, छतात बसवलेले दिवे, न्हाणीघराच्या पंख्याची पेटी, नळांचे उभे पाइप, आतल्या भिंतींचे माथे आणि धुराड्याभोवतीची पोकळी. लहान भेगांना फोम चालतो. धुराड्याभोवती मात्र पत्रा आणि आगरोधक सीलंटच हवे. फटी बुजवल्यावर घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा आणि वॉटर हीटरचा धूर नीट बाहेर जातो की नाही, हे तपासून घ्यावेच, कारण घट्ट झालेल्या घरात तो उलटा आत ओढला जाऊ शकतो. पंख्याची नळी थेट बाहेर काढावी. ती अ‍ॅटिकमध्येच सोडली तर वाफ खिळ्यांच्या टोकांवर हिमकण होऊन बसते आणि ऊन पडले की टपकते. अनेक ‘गळत्या’ छपराच्या नसतात, या हिमाच्या असतात.

इन्सुलेशन आर-४९ किंवा त्याहून अधिक असावे (आर हे ऊब अडवण्याच्या क्षमतेचे माप); फुंकून भरलेल्या सेल्युलोजची साधारण १४ इंच जाडी लागते. वळचणीपाशी ते फळीला टेकू देऊ नये. तेथे आडोसा बसवून निदान १ इंच हवेची वाट मोकळी ठेवावी. वायुवीजनाचा प्रचलित हिशेब असा की छताखाली बाष्परोधक थर असेल आणि झरोके वर-खाली नीट वाटलेले असतील, तर अ‍ॅटिकच्या दर ३०० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी जागा पुरते. एरवी दर १५० ला १. ३०० च्या हिशेबाने ४६ × २८ फुटांच्या घराला सुमारे ६१८ चौरस इंच लागतात, निम्मे वळचणीखाली आणि निम्मे आढ्यावर. आढ्यावरच्या झरोक्याची मोकळी जागा दर फुटाला १८ चौरस इंच असेल, तर १७-१८ फूट लांबी हवी. आढ्यावर झरोका असताना तेथेच विजेचा पंखा बसवू नये. तो वळचणीऐवजी जवळच्या आढ्यातूनच हवा खेचतो.

छप्पर बदलताना. कडा वळणे, कण झडून पन्हळीत साचणे, फायबरग्लास उघडे पडणे ही वय झाल्याची लक्षणे. जुन्यावर नवा थर चढवणे स्वस्त वाटते, पण खालची फळी तपासता येत नाही आणि आइस बॅरियर (पुढे पाहा) फळीला चिकटवता येत नाही. येथे सगळे उतरवूनच काम करावे. कुजलेली किंवा पावलाखाली लवणारी फळी तेव्हाच बदलावी आणि तिचा दर एका तक्त्यामागे किती, हे करारात आधीच लिहून घ्यावे.

आइस बॅरियर म्हणजे फळीवर थेट चिकटणारी डांबरी चादर. नियमानुसार ती वळचणीच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच पोहोचली पाहिजे. फसवणूक बरेचदा इथेच होते, कधी अज्ञानाने तर कधी मुद्दाम. वळचण २४ इंचांची असेल तर आडवे अंतर ४८ इंच होते. ६:१२ उतारावर, म्हणजे १२ इंचांना ६ इंच चढावर, ते जवळजवळ ५४ इंच भरते. ३६ इंच रुंदीची एकच ओळ पुरत नाही, दोन लागतात. व्हॅलीत, म्हणजे दोन पाखी आत मिळतात त्या खाचेतही ती पूर्ण लांबीभर घालावी. वळचणीला कडेची धातुपट्टी आधी आणि चादर तिच्यावर. तिरप्या कडांना उलट, धातुपट्टी वर.

मालाचे माप ‘स्क्वेअर’मध्ये होते. १ स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, साधारण ३ गठ्ठे. वळचणीसह ५० × ३२ फुटांच्या साध्या दुपाखी घराचे आडवे क्षेत्र १,६०० चौरस फूट. ६:१२ उतारासाठी त्याला १.११८ ने गुणले की सुमारे १,७९० येतात. कापाकापीचे १० टक्के धरून २० स्क्वेअर, म्हणजे ६० गठ्ठे. दोन्ही वळचणींना दोन-दोन ओळी म्हणजे २०० फूट चादर. ६६-६७ फुटांचे ३ रोल जेमतेम पुरतील. सांध्यांवरची चढण धरून ४ मागवावेत.

प्रत्येक शिंगलला ४ खिळे, वाऱ्याच्या जागी ६. खिळा फळीत पाऊण इंच शिरावा, फळी पातळ असेल तर तिच्या आरपार जावा. खिळ्यांची रेघ वर सरकली की दोन थर चिकटवून केलेल्या शिंगलचा खालचा थर निसटतो. खिळे मारणाऱ्या हवेच्या बंदुकीचा दाब जास्त झाला की खिळ्याचे डोके पट्टी कापून आत जाते. शिंगलखालची चिकटपट्टी उन्हाच्या उबेनेच धरते. सुमारे ४ अंश सेल्सिअसखाली काम केल्यास प्रत्येक पट्टी डांबरी सिमेंटने हाताने चिकटवावी लागते, म्हणून मे ते ऑक्टोबरचा काळ बरा.

भिंतीलगत ओळीगणिक पायरीसारखे पत्रे हवेत. जिथे पन्हळ भिंतीपाशी संपते, तिथे पाणी बाहेर फेकणारा वळवलेला पत्रा हवा. हा एक तुकडा विसरल्याने आतून कुजलेल्या भिंती कमी नाहीत. जुने पत्रे तसेच ठेवून वर सीलंट फासू देऊ नये. ३० इंचांहून रुंद धुराड्याच्या वरच्या बाजूला पाणी दुभागणारा लहान उंचवटा बांधावा. पाइपांभोवतीची रबरी कॉलर शिंगलच्या आधी तडकते, तेव्हा ती मध्यंतरी एकदा बदलावी.

देखभाल. पाने गळून झाल्यावर पन्हळी साफ कराव्यात. मोठ्या हिमवृष्टीनंतर जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने वळचणीपासून ३-४ फुटांचा बर्फ ओढावा. शिंगल खरवडू नये म्हणून पातळ थर राहू द्यावा. विजेच्या तारांपासून दूर राहावे. डॅम झालाच असेल तर कुऱ्हाड-हातोडा वर्ज्य. कॅल्शियम क्लोराइड भरलेला लांब पायमोजा डॅमवर आडवा न ठेवता वरून खाली उभा ठेवला, की पाण्याला वाट मिळते. साधे मीठ पत्रा आणि खालची झाडे खराब करते. डॅम मोठा असल्यास वाफेच्या यंत्राने काढणाऱ्यांना बोलवावे. वळचणीवरची तापणारी तार हा तात्पुरता उपाय आहे. ती वीज खाते आणि ऊब गळतच राहते.

गारपिटीनंतर दारोदार फिरणारे कंत्राटदार येतात. मिनेसोटात छपराचे काम करणाऱ्याला राज्याच्या कामगार व उद्योग विभागाचा परवाना लागतो आणि विम्यातील घरमालकाचा वाटा, म्हणजे डिडक्टिबल, स्वतः भरून देण्यास कंत्राटदाराला कायद्याने मनाई आहे. तो तसे देऊ करत असेल तर सही करू नये. शेवटचा हप्ता देण्याआधी शहराच्या निरीक्षकाची तपासणी झालेली असावी आणि झाकण्यापूर्वी काढलेली आइस बॅरियरची छायाचित्रे मागून घ्यावीत.