सोलापूरचे रस्ते आणि सायकलच्या टायरची रुंदी: पार्श्वभूमी

टायर जितका बारीक तितकी सायकल हलकी पळते, हा समज शर्यतींतून आला. सोलापूरच्या खेड्यांत दुधाचे कॅन वाहणाऱ्या काळ्या सायकलीला मात्र पूर्वीपासून २८ × दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ४० मिमी रुंद टायर आहे. सामान लादून लांब जायचं तर इथे आजही हीच रुंदी योग्य.

रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्ये घेतलं, पण सायकलीवर तो रुळवला जॉन डनलॉप या पशुवैद्याने, १८८८ मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्टला. पुढे फ्रान्समध्ये ‘७००’ (मिमी) या टायरच्या बाहेरच्या व्यासाला ए, बी, सी अशी अक्षरं जोडली गेली. ती रुंदीची होती, आणि त्यात ‘सी’ जाड टायरचं. १९७०-८० च्या दशकांत याच ‘सी’च्या रिमवर २०-२३ मिमीचे, १०० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) वर भरलेले टायर आले. गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून केलेल्या चाचण्यांत जास्त हवा सरस ठरायची. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत डांबरावर कडक टायर उसळतो, तो हादरा अंग शोषतं आणि पायांची ताकद त्यात जाते. २०१० नंतर शर्यतवालेही २५, मग २८ मिमीवर आले.

जुन्या मापांचा घोळ अजून भोवतो. काळ्या सायकलीचा टायर ४०-६३५, ७०० सीचा ३७-६२२ (पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिमीत), आणि दोन्हींवर ‘२८’ छापलेलं असतं. व्यासात १३ मिमीचा फरक आहे: ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर ढिला बसून ट्यूब बाहेर येते, उलट केलं तर चढतच नाही. घेताना मिमीचा आकडाच वाचा.

पुणे-हैदराबाद महामार्गापुरतं जायचं असेल तर ३२ मिमी पुरतो. गावाकडची उखडलेली डांबरी सडक वाटेत असेल तर ३८-४०, नान्नजकडच्या माळावर मुरमाच्या वाटा असतील तर ४२-४७. रुंदी ठरवायची ती वाटेतल्या सर्वांत वाईट पट्ट्यावरून. मागच्या चाकावर माणूस आणि सामान मिळून ५० किलो भार असेल तर ४० मिमीला ४५-५० पीएसआय, पुढे ५-१० कमी. पहाटे २५ अंशांना भरलेले ६० पीएसआय दुपारी टायर ४५ अंशांपर्यंत तापला की ६५ होतात, म्हणून काठोकाठ भरू नका. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे रुंदीने थांबत नाहीत, त्याला आतून पंक्चररोधक पट्टी असलेला टायरच लागतो.

टायर घेण्याआधी फ्रेम मोजा: दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी जागा सुटली पाहिजे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस झाला की ही जागाही पुरत नाही. चिखल मडगार्डखाली घट्ट बसतो आणि चाक अडतं. तशा दिवसांत मडगार्ड काढून ठेवा, आणि चिखलाचा तुकडा सायकल उचलूनच पार करा.