घरगुती टोमॅटो लागवड (मराठवाडा)

परसात, अंगणात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत घरापुरते टोमॅटो पिकवण्याची पद्धत. मराठवाड्यात तिचे यश खतापेक्षा लावणीच्या वेळेवर आणि पाण्याच्या नियमितपणावर जास्त ठरते.

दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले की परागकण निकामी होतात व फुले गळतात. त्यामुळे उन्हाळ्यात झाड जगले तरी फळ क्वचितच धरते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकून ऑक्टोबरात लावणी करणे सर्वांत चांगले. डिसेंबर ते मार्च फळे मिळतात. अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ (पाने आखडवणारा) विषाणू व लवकर येणारा करपा (पानांवर डाग पाडणारा रोग) यांना बऱ्यापैकी तोंड देतो.

रोप २५-३० दिवसांचे झाले की खालची पाने काढून निम्मे खोड मातीत गाडावे. गाडलेल्या खोडाला मुळे फुटतात. कुंडी किमान १५ लिटरची हवी, तळाला भोके पाडलेली रंगाची बादलीही चालते. नुसती काळी माती भरू नये. ती ओली असताना मुळांना हवा मिळत नाही आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. काळी माती, जाड वाळू व कुजलेले शेणखत समभाग आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण योग्य. आधाराला तुराट्या पुरतात.

नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते अशा गावांत चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी कुंडी भरण्याची सवय असते. तीच सर्वांत घातक. कोरड्या मातीतून चुना (कॅल्शियम) फळापर्यंत पोचत नाही आणि फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो. एकदम पाणी मिळाले की साल तडकते. वरून चुना टाकण्याआधी पाणी सुधारावे: रोज सकाळी थोडे, आणि मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा दोन-तीन इंच थर. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र टाळावे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्यात आणखी साचलेले असतात. पानांच्या कडा करपतात.

भोवताली कपाशी असल्याने पांढरी माशी घरापर्यंत येते व पर्णगुच्छ पसरवते. पाने वर वळून आखडलेले झाड बरे होत नाही, ते उपटून टाकावे. रोपे मच्छरदाणीपेक्षा बारीक विणीच्या कीटकरोधक जाळीखाली वाढवणे हाच खरा बचाव. पुढे पिवळे चिकट सापळे लावावेत आणि ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावी. जाळी लावलेल्या बाल्कनीत वारा नसतो. तिथे सकाळी फुलांचे घोस हलकेच हलवावेत.

मार्चनंतर ३० अंशांच्या वरच्या उष्णतेत फळ नीट लाल होत नाही, पिवळट राहते. रंग पालटू लागताच तोडून घरात सावलीत पिकवावे. तोवर हिरवीच उरलेली फळे शेंगदाण्याबरोबर भाजून चटणीला उत्तम.