कुत्र्याला भात पचतो हो, घोळ दुसरीकडेच आहे

कुत्र्याच्या खाण्याचा विषय निघाला की दोन पार्ट्या हमखास पडतात. एक पार्टी म्हणते कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं मटण घाला, भात-पोळी घालणं म्हणजे अत्याचार. दुसरी म्हणते आमच्या गावाला कुत्री पिढ्यान्पिढ्या शिळ्या भाकरीवर जगली, त्यांना काय धाड भरली होती, ही सगळी शहरातली थेरं. आता गावाकडची कुत्री भाकरीवर जगत होती हे खरंच, पण भाकरीबरोबर उंदीर, घुशी, मेलेली जनावरं, गाईची वार आणि जेवताना ज्याचं नाव काढू नये तेही खात होती, आणि त्यातली किती म्हातारी होऊन मेली ते कुणी मोजलेलं नाही. आणि लांडगावाल्यांचं म्हणाल तर त्यांचं म्हणणं जीन्सच्या पातळीवरच अडकतं.

२०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ लांडगे आणि १४ जातींची ६० कुत्री घेऊन त्यांचे जीन्स शेजारी शेजारी ठेवून पाहिले. धान्यातलं पीठ म्हणजे स्टार्च, तो फोडायला अमायलेज नावाचं एन्झाइम लागतं, ते स्वादुपिंडात बनतं. त्याच्या जीनच्या प्रती लांडग्यात २ असतात, कुत्र्यांत मात्र ४ पासून ३० पर्यंत निघाल्या. म्हणजे माणूस शेती करायला लागला, धान्य शिजवायला लागला, आणि त्याच्या उकिरड्यावर जगणारं जनावरही धान्य पचवायला शिकलं. सगळी कुत्री यात सारखी नाहीत, सायबेरियन हस्की आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो यांच्यात या प्रती कमीच असतात, कारण त्यांचे पूर्वज शेतीवाल्यांच्या दारात वाढलेच नाहीत. (पुण्या-मुंबईच्या उन्हात हस्की पाळायचा का हा वेगळा विषय, त्यावर मी बोलायला लागलो तर लेख तिथेच संपेल.)

तर भात चालतो. फक्त एक लक्षात ठेवा, माणसाच्या लाळेत अमायलेज असतं, कुत्र्याच्या लाळेत जवळजवळ नाहीच, आणि त्याचा जबडा वर-खाली हलतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही, त्यामुळे तो चावून बारीक वगैरे काही करत नाही, तोडतो आणि गिळतो. सगळं काम पुढे आतड्यात. म्हणून मोकळा फडफडीत भात घालण्यापेक्षा गुरगुट्या भात बरा, पीठ नीट शिजलेलं असलं की पचतं, कच्चं राहिलं की गॅस आणि पातळ शी.

वरण-भाताची जोडीही शास्त्राला धरून आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातला एक) कमी, ते डाळीत भरपूर, आणि डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. पण आपल्याकडे होतं काय, भात दोन वाट्या आणि वरण एक वाटी, तेही पातळ. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे निकष ठरवणारी आफ्को नावाची संस्था आहे, ती म्हणते वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या दर १००० कॅलरीमागे निदान ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि दोनास एक या हिशोबाने वरण-भातातून ती पस्तिशीच्याही आतबाहेरच राहतात. पिल्लाला तर याहून जास्त लागतात. शाकाहारी घरात कुत्रा पाळू नये असं मी अजिबात म्हणणार नाही, मांजराचं तसं आहे, मांजराला मांस लागतंच, कुत्रा मात्र टॉरीन (हृदयाला-डोळ्यांना लागणारा घटक) वगैरे गोष्टी बऱ्यापैकी स्वतःच्या शरीरात बनवतो. अंडं चालत असेल तर निम्मं काम झालं, नाहीतर दही, सोया, थोडं पनीर (थोडं म्हणजे थोडं, पनीरमध्ये फॅट बरंच असतं). दुधाचं म्हणाल तर मोठ्या कुत्र्यात लॅक्टोज पचवणारं एन्झाइम कमी झालेलं असतं, दूध-पोळी खाऊन रोज पोट बिघडत असेल तर पोळीला दोष देऊ नका.

इथपर्यंत सगळे येतात. आता खरा घोळ.

समजा १० किलोचा कुत्रा आहे, मोठा, नसबंदी झालेला, दिवसातून दोनदा फिरून येणारा आणि बाकी वेळ सोफ्यावर. त्याला दिवसाला साधारण ६०० ते ६३० कॅलरी पुरतात. आपण प्रेमाने त्याला १५० ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन, शिजवलेला १५० ग्रॅम भात, एक उकडलेलं अंडं, थोडा लाल भोपळा आणि चमचाभर तेल असं दिवसाचं खाणं बनवलं. बघायला एक नंबर. कॅलरी जवळपास बसल्या, प्रथिनं तर गरजेच्या दुप्पट झाली. आता यात कॅल्शियम मोजा. चिकनमधून वीसेक मिलिग्रॅम, अंड्यातून पंचवीसच्या आसपास, भात आणि भोपळा मिळून तीसेक, सगळं मिळून ८० मिलिग्रॅम. गरज किती? साधारण ७५०. आणि फॉस्फरस याच ताटात ५०० च्या घरात.

कॅल्शियम कमी पडतं एवढंच असतं तरी एक वेळ ठीक होतं, पण रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पातळीला राहिलंच पाहिजे, नाहीतर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत, त्यामुळे ते खाण्यातून येत नाही म्हटल्यावर शरीर सरळ हाडांमधून काढायला लागतं. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हॉर्मोन सोडत राहतात, हाडं पोकळ होत जातात. मोठ्या कुत्र्यात हे दिसायला खूप वेळ लागतो, बाहेरून केस चकचकीत, शेपूट हलतीय, सगळं मस्त. पिल्लात मात्र काही आठवड्यांत पाय वाकतात, पिल्लू लंगडायला लागतं, सोफ्यावरून उडी मारली आणि हाड मोडलं असंही होतं, आणि मालक म्हणतो अहो त्याला तर रोज अर्धा किलो चिकन देतो. तेच तर. नुसतं मांस म्हणजे फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. लांडगा नुसतं मांस कधी खातच नाही, तो हाडंही कुरतडून खातो, हे लांडगावाले सोयीस्कर विसरतात.

उपाय स्वस्त आहे, अंड्याचं टरफल. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं. धुवायचं, पाण्यात उकळायचं, कढईत कोरडं भाजायचं आणि मिक्सरमधून अगदी पिठासारखं काढायचं, खरखरीत राहिलं तर पुन्हा फिरवायचं. वर सांगितलेल्या ताटात याची साधारण २ ग्रॅम पूड, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याला जरा कमीच, घातली की कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं गणित १ ला १ आणि २ ला १ यांच्या मधे येतं, जिथे ते असायला हवं. पण म्हणून लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना चमचेच्या चमचे घालू नका, आणि मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणून तर मुळीच ओतू नका. लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, जेवढं येईल तेवढं आत घेतलं जातं आणि सांधे-हाडांची वाढ वाकडी होते. पिल्लू असेल तर घरच्या खाण्याचे प्रयोग न केलेलेच बरे, निदान वर्षभर तरी पिल्लांसाठीचं चांगलं ड्राय फूड द्या, माझं स्पष्ट मत.

कॅल्शियमचं जमलं तरी झिंक, आयोडीन, तांबं, ई आणि ड जीवनसत्त्व राहतंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या लोकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती खाण्याच्या २०० रेसिप्या तपासल्या, पुस्तकातल्या, वेबसाइटवरच्या, काही तर चक्क डॉक्टरांनी लिहिलेल्या, त्यातल्या ९५ टक्के रेसिप्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. ड जीवनसत्त्वाचं तर आपल्याला वाटतं गॅलरीत उन्हात लोळतोय की, मिळत असेल. नाही मिळत. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, म्हणजे अंड्याचा पिवळा बलक किंवा तारली, बांगडा असे तेलकट मासे, उकडून आणि काटे काढून. गंमत म्हणजे क जीवनसत्त्व कुत्रा स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतो, त्याला लिंबू-संत्र्याची गरज नाही. झिंकचं थोडं आपल्या पोळीशी भांडण आहे, गव्हा-डाळींत फायटेट असतं ते झिंकला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही, तोंडाभोवती, डोळ्यांभोवती खपल्या धरायला लागल्या तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा, हस्कीत तर हा त्रास जास्तच दिसतो. तात्पर्य काय, कायम घरचंच घालायचं असेल तर व्हेटकडून त्या कुत्र्याच्या वजनाला बसणारं मिनरल-व्हिटॅमिन सप्लिमेंट लिहून घ्या, अंदाजे नको.

आता फोडणी. कुत्र्याचं वरण फोडणीच्या आधी बाजूला काढायचं, ही सवय घरातल्या सगळ्यांना लागली पाहिजे, आजीला पण. कांदा आणि लसूण यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या लाल रक्तपेशींवर हल्ला करतात आणि पेशी फुटायला लागतात. शिजवून, तळून, वाळवून त्यांचा गुण जात नाही, म्हणजे कांदा-लसूण मसालाही त्यातच आला. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा विषारी ठरतो, म्हणजे घरातल्या ८ किलोच्या स्पिट्झला एक मोठा कांदा पुरे, लसूण तर त्याहून तिखट काम करते. आणि लक्षण लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तपकिरी होते, तोवर काय खाल्लं होतं ते सगळे विसरलेले असतात.

द्राक्षं-मनुके चालत नाहीत हे आता बऱ्याच लोकांना माहितीये, किडनी बंद पडते. पण का पडते हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं, एक कुत्रा घोसभर खाऊन ठणठणीत आणि दुसरा मूठभर मनुक्यांत गेला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविष-तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, ते द्राक्षाच्या जातीनुसार, पिकण्यानुसार कमी-जास्त असतं, त्यामुळे कोडं बरंचसं जुळतं. आता आपल्या स्वयंपाकघरात टार्टारिक आम्ल सगळ्यात जास्त कशात? चिंचेत. म्हणजे चिंच-गुळाची आमटी, चिंचेची चटणी, भेळ हे सगळं कुत्र्याच्या ताटातून बाद. आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले मनुके वेचून तरी काढा, मुळात शिराच कशाला हवा. चॉकलेट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून सोडून देतो. झायलिटॉल मात्र वाचून ठेवा, साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, शुगर-फ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये असतं, कुत्र्यात ते भसाभस इन्सुलिन सोडायला लावतं आणि अर्ध्या तासात साखर कोसळून झटके येऊ शकतात.

मटणाच्या दुकानात कुत्र्यासाठी म्हणून कलेजी-फुप्फुस स्वस्तात बांधून देतात. ते कच्चं घालू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या लिव्हर-फुप्फुसात हायडॅटिडच्या (एका जंताच्या) गाठी असू शकतात, कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक टेपवर्म होतात, त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, पण शीतून अंडी पडतात, ती माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये पाण्याच्या गाठी, मग ऑपरेशन. चांगलं उकळलं की हा प्रश्न मिटतो. हाडांचं बरोब्बर उलट, शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि आतडं फाटू शकतं, त्यामुळे रविवारच्या रश्श्यातली हाडं कुत्र्याला नकोत.

विकतच्या खाद्याच्या पाकिटावर टक्केवारी बघताना पाण्याचा हिशोब करा. ओल्या पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि ड्राय फूडवर २४ टक्के दिसतात म्हणून पाऊच वाईट नसतं, त्यात ८० टक्के पाणी असतं, पाणी काढलं तर तीच प्रथिनं ४० टक्के होतात. ‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्य नसलेलं बघून जास्त पैसे मोजू नका. वर जीन्सचं सांगितलंच, आणि वर अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ मध्ये वाटाणे-मसूर ठासून भरलेल्या ग्रेन-फ्री खाद्यांचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध असावा का याची चौकशी सुरू केली होती, सिद्ध काही झालं नाही पण धान्य टाळून फायदा झाल्याचंही कुणी दाखवलेलं नाही.

आणि शेवटी किती घालायचं. वजन दुप्पट म्हणजे खाणं दुप्पट असं नसतं, १० किलोला ६३० कॅलरी तर २० किलोला साधारण १०६०. ५ किलोच्या छोट्या कुत्र्याला ३७० पुरतात, आता त्याला सकाळच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं दिली की ९० कॅलरी तिथेच संपल्या, दिवसाचं पाव जेवण, आणि त्यात नुसती साखर-मैदा. ट्रीट, बिस्किट, पापडाचा तुकडा सगळं धरून दिवसाच्या दहा टक्क्यांत बसलं पाहिजे. तो बघतो हो केविलवाणं, मान्य. लॅब्राडोरचं बघणं तर खरंही असू शकतं, केंब्रिजमधल्या संशोधनात २०१६ साली असं निघालं की साधारण दर चार लॅबमागे एकात भूक भागल्याचा निरोप मेंदूला देणारा एक जीन तुटका असतो, त्याला खरंच भूक लागलेली असते. तरी देऊ नका. ४८ लॅब्राडोरांच्या जोड्या लावून एक लांबलचक अभ्यास झाला, अर्ध्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, बाकी सगळं सारखं. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली होती, आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरायला लागले.

तुमचा कुत्रा कुठे बसतो ते वजनकाट्याशिवाय बघायचं तर त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवा, न दाबता. मग तुमच्याच हाताची मूठ वळून गाठींवरून बोट फिरवा, पंजा सरळ करून मागच्या बाजूवरून फिरवा, आणि मग तळव्याच्या बाजूने बोटांच्या मुळाशी. मुठीसारख्या टोचल्या तर खाणं वाढवा. हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या तर आहे ते चालू ठेवा. तळव्यासारखं मऊ लागलं तर भाताची वाटी जरा लहान घ्या, आणि बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर.